अनुभव धागा: ‘पित्त उठले’ की अन्नाची अ‍ॅलर्जी?

माझ्या मुलाने चौथ्या वर्षी शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा खाल्ला आणि दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. घरातील सर्वांनी पित्त उठले असे समजून आमसुलाचे पाणी लावले, आणि त्यात अर्धा तास गेला. तोवर त्याला श्वास घेणे जड झाले होते. दवाखान्यात मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिल्यावर तो सावरला. तो अर्धा तास मी विसरू शकत नाही, म्हणून हा धागा. पदार्थ कोणता होता, लक्षणे किती वेळात दिसली आणि उपचार काय झाले, ते कृपया सविस्तर लिहावे.

• मी मूळची मालवणची, चाळिशीपर्यंत कोळंबी आवडीने खाल्ली, आणि त्यानंतर एके दिवशी तिच्यामुळेच घसा आवळला. मोठेपणी अशी अ‍ॅलर्जी सुरू होते, हे मला ठाऊक नव्हते. कोळंबीतील ट्रोपोमायोसिन हे अ‍ॅलर्जी आणणारे प्रथिन शिजवूनही टिकते. घरात सुका जवळा (बारीक कोळंबी) भाजला तरी मला दम लागतो. सुरमई आणि पापलेट मात्र तपासणीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने खाते व ते सोसतात.

• आमच्याकडे बांगडा खाऊन चौघांचेही चेहरे एकाच वेळी लाल झाले व डोकी दुखू लागली. डॉक्टरांनी सांगितले की ही अ‍ॅलर्जी नव्हे. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामीन हे अ‍ॅलर्जीसारखीच लक्षणे आणणारे रसायन तयार होते आणि ते तळल्याने जात नाही. पुढे ताजा बांगडा खाल्ला, तेव्हा कोणालाही काही झाले नाही.

• मला दुधाने पोट फुगते, ते दुधातील साखर पचत नाही म्हणून. माझ्या नातवाला मात्र दुधातील प्रथिनाचीच अ‍ॅलर्जी आहे. नातेवाईक दोन्ही एकच समजून त्याला ‘थोडेसे’ श्रीखंड देऊ पाहतात, याचे फार वाईट वाटते.

• मुलीला शेंगदाणा वर्ज्य आहे, काजू चालतात. पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडे, सोयाबीन यांचा उल्लेख करणे बंधनकारक असल्याने तेथे वाचून ठरवता येते, परंतु सुट्या मिठाईवर काहीच लिहिलेले नसते. गेल्या दिवाळीत एका दुकानातील काजूकतलीने तिच्या अंगावर गांधी उठल्या. खोदून विचारल्यावर कारागिराने शेंगदाण्याची पूड मिसळल्याचे मान्य केले. त्यानंतर काजूकतली मी घरीच करते आणि वाढदिवसाला जाताना तिचा डबा सोबत देते.