आकाशात लुकलुकणारे फटाक्यांचे रंगीत तारे: ही उघडझाप नेमकी कशामुळे होते?

गोदातीर (प्रश्न):

लक्ष्मीपूजनाच्या रात्री गंगापूर रोडवरील आमच्या इमारतीच्या गच्चीवरून जे शॉट दिसले, त्यांतील काहींचे तारे एकसारखे जळत खाली न येता पेटत, विझत, पुन्हा पेटत उतरत होते. पांढऱ्या ताऱ्यांची उघडझाप अगदी लख्ख होती. लाल आणि हिरव्यांचीही जाणवत होती, परंतु त्यांचा रंग काहीसा पुसट वाटला. लुकलुकणारा निळा तारा मात्र एकही दिसला नाही.

माझी मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत आहे. तिच्या मते ताऱ्यामध्ये जळणाऱ्या आणि न जळणाऱ्या मिश्रणाचे थर एकाआड एक दिलेले असावेत. मला ते पटले नाही, कारण तसे असते तर एका शॉटमधील सगळे तारे साधारण एकाच तालात लुकलुकले असते. इथे तर प्रत्येकाची वेळ निराळी होती. तरीही तिला दुसरे स्पष्टीकरण मला देता आले नाही. ही उघडझाप कशामुळे होते आणि तिचा रंगाशी काय संबंध आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भट्टीवाला:

आपल्या कन्येचा तर्क अगदीच टाकाऊ नाही. थर देऊन रंग बदलणारे तारे खरोखरच बनवले जातात, पण त्यांत रंग एकदा-दोनदा बदलतो, एवढेच. लुकलुकणाऱ्या ताऱ्यात आतून बाहेरपर्यंत एकच मिश्रण असते आणि ते आपले आपणच थांबत थांबत जळते.

जपानमधील शोभेच्या दारूचे अभ्यासक ताकेओ शिमिझू यांनी केलेली मांडणी समजायला सर्वांत सोपी आहे. त्यांच्या मते एकाच मिश्रणात दोन अभिक्रिया नांदत असतात. पहिली मंद आणि जवळजवळ अंधारी असते: अमोनियम परक्लोरेट (ऑक्सिजन पुरवणारा क्षार) आणि मॅग्नेशियम हा धातू यांच्यात ती चालते, ताऱ्याचा पृष्ठभाग नुसता धुमसतो आणि उजेड नगण्य पडतो. या धुमसण्यात पृष्ठभागावर अर्धवट जळालेला, तप्त थर साचत जातो. त्याचे तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की दुसरी अभिक्रिया भडकते, ती धातू आणि बेरियमसारख्या मूलद्रव्याचे सल्फेट यांच्यातील. सल्फेट एरवी आपला ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाही. फार तापल्यावर मात्र सोडते, आणि तेव्हा क्षणार्धात झपका होतो. त्या झपक्यात साचलेला थर उडून जातो, खालचे तुलनेने थंड मिश्रण उघडे पडते आणि धुमसणे नव्याने सुरू होते. कुकरमध्ये वाफ कोंडत जाऊन शिट्टी होते, दाब उतरतो आणि वाफ पुन्हा कोंडू लागते, तसलाच हा प्रकार आहे.

सेकंदाला असे काही मोजके झपके होतात. प्रत्येक ताऱ्यावरचा थर, त्यातील कणांची वाटणी आणि त्याला लागणारा वारा सारखा नसतो, म्हणून त्यांचे ताल जुळत नाहीत. आपले निरीक्षण अचूक आहे. दोन स्वतंत्र अभिक्रिया मानायच्या की एकाच अभिक्रियेतील उष्णतेचा चढउतार मानायचा, याबाबत मात्र संशोधकांत एकमत नाही.

वर्णपट:

भट्टीवाला यांचे कुकरचे उदाहरण चांगले आहे, फक्त एक भेद लक्षात ठेवावा: कुकरला उष्णता खालच्या शेगडीतून मिळते, तारा ती स्वतःच निर्माण करतो. म्हणूनच धुमसणे फार मंद झाले तर तो विझून जातो आणि फार जलद झाले तर लुकलुकणे सोडून सरळ जळू लागतो. या दोन टोकांमधली जागा अरुंद असते.

आता रंगाकडे वळू. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे मर्म इथे आहे, कारण चांगला झपका आणि चांगला रंग यांचे एकमेकांशी पटत नाही. झपका ठळक व्हायचा तर धातू जोरात जळावा लागतो. त्यातून बनणाऱ्या मॅग्नेशियम ऑक्साइडचे अतितप्त कण वर्णपटातील सगळ्याच रंगांचा प्रकाश देतात, म्हणजेच पांढरा. पांढरा तारा लख्ख दिसतो तो यामुळे. लाल रंग मात्र ज्योतीत क्षणभर अस्तित्वात येणाऱ्या स्ट्रॉन्शियम मोनोक्लोराइड आणि हायड्रॉक्साइड यांच्या रेणूंकडून, साधारण ६०० ते ६९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यांत मिळतो. हिरवा बेरियम मोनोक्लोराइडकडून, साधारण ५०५ ते ५३५ नॅनोमीटरमध्ये. हे रेणू बाटलीत भरून ठेवता येत नाहीत. ते ज्योतीतच जन्मतात आणि ज्योतीतच मोडतात. त्यांच्यासाठी ज्योतीत क्लोरीन असावे लागते, आणि परक्लोरेट ते पुरवते. झपका जितका तप्त, तितका पांढऱ्याचा वाटा वाढतो आणि रंग पुसट होतो. आपल्याला गच्चीवरून तेच दिसले.

निळ्याची अडचण याहून मोठी आहे. ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देणारा कॉपर मोनोक्लोराइडचा रेणू जास्त तापमानाला तग धरत नाही, आणि धातूच्या झपक्यात तर तापमान त्याला सोसवेल त्याच्या पलीकडे जाते. नुसता निळा तारा बनवणेसुद्धा कारागिराच्या कसोटीचे मानले जाते. त्याला लुकलुकायला लावणे ही पुढची गोष्ट.

सातपूरकर:

हिरव्याबाबत एक भर घालतो. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने फटाक्यांतील बेरियम क्षारांवर बंदी घातली आणि २९ ऑक्टोबर २०२१ रोजी तिचा पुनरुच्चार केला. बोरॉनच्या संयुगांनीही ज्योत हिरवी होते, त्यामुळे केवळ हिरव्या रंगावरून फटाक्यात बेरियम आहे असा निष्कर्ष काढू नये.

दुसरे असे की परतीच्या पावसात दमट झालेल्या फटाक्यांना आपल्याकडे गच्चीवर सर्रास ऊन दाखवले जाते. कृपा करून तसे करू नये. अमोनियम क्षार आणि मॅग्नेशियम ओलाव्यात एकत्र आले की त्यांच्यात अभिक्रिया होऊन उष्णता आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात. दारूकामात मॅग्नेशियमच्या कणांवर संरक्षक लेप देतात तो यासाठीच. ओला माल सुकवण्यापेक्षा टाकून दिलेला बरा.

गोदातीर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात हा विषय घ्यायचा आहे. काहीही न पेटवता यातले काही दाखवता येईल का?

वर्णपट:

मिश्रण करून पाहण्याचा विचारही करू देऊ नका. ही मिश्रणे घर्षणाने पेटू शकतात आणि शोभेची दारू विनापरवाना बनवणे हा गुन्हा आहे. पण दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. पुढच्या दिवाळीत मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रे या वेगाने, दूरवरचे शॉट टिपून ठेवावेत आणि एकाच ताऱ्याच्या दोन झपक्यांमधील चित्रे मोजावीत. ३० चित्रांचे अंतर भरले तर झपके सेकंदाला ८ झाले. असे वीस-पंचवीस तारे मोजून पांढऱ्या आणि लाल ताऱ्यांचा आलेख मांडला, तर परीक्षकांशी बोलायला भरपूर मजकूर मिळेल.

रंगासाठी प्रयोगशाळेतील ज्योत परीक्षाच घ्यावी. सॉल्ट ॲनालिसिसच्या प्रात्यक्षिकात ती येतेच. तारेवर हायड्रोक्लोरिक आम्लात ओला केलेला क्षार घेऊन, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली ती बर्नरच्या ज्योतीत धरावी: स्ट्रॉन्शियम किरमिजी, बेरियम पोपटी, तांबे हिरवट निळे. पुठ्ठ्याच्या बंद खोक्याला एका बाजूला ब्लेडने बारीक फट पाडून आत जुन्या सीडीचा तुकडा तिरपा बसवला की त्या ज्योतीचे पट्टे वेगवेगळे दिसतात. त्याच खोक्यातून पिवळ्या तंतूचा जुना बल्ब पाहिला तर अखंड पट्टा दिसेल. आपल्या पांढऱ्या ताऱ्याचा प्रकाश बव्हंशी असा अखंड असतो, आणि लाल ताऱ्यात या दोन्हींची सरमिसळ असते. सीडीची चकचकीत बाजू फटीकडे असावी आणि खोक्याला दुसरीकडून उजेड अजिबात शिरू नये, नाहीतर क्षीण पट्टे दिसणार नाहीत.