आंबा पल्प कारखान्यातील ‘फूड ग्रेड’ गिअर तेल आणि स्प्रे क्लीनर : नेमके काय तपासावे?

देखभाल_रत्नागिरी यांचा प्रश्न

नमस्कार. मी रत्नागिरीजवळच्या एका आंबा पल्प कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो. आमचा हंगाम एप्रिलच्या अखेरीस सुरू होतो आणि पावसाबरोबर संपतो. मधल्या सहा-सात आठवड्यांत यंत्रे जवळजवळ अखंड चालू असल्यामुळे तेल, ग्रीस आणि क्लीनर यांचे निर्णय आधीच करून ठेवावे लागतात. यंदा निर्यातीच्या ग्राहकाकडून आलेल्या ऑडिटरने दोन आक्षेप नोंदवले असून दोन्ही बाबतींत मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहिला आक्षेप वाफेने तापणाऱ्या भांड्यावरील (स्टीम जॅकेट केटलवरील) ढवळणीच्या, म्हणजे अ‍ॅजिटेटरच्या गिअरबॉक्सचा आहे. हा वर्म गिअरबॉक्स केटलच्या बरोबर डोक्यावर बसवलेला असून त्याचा शाफ्ट सरळ खाली पल्पमध्ये उतरतो. ऑइल सीलच्या खाली, शाफ्टवर तेलाचा काळसर ओघळ ऑडिटरला दिसला. आमच्या पुरवठादाराने दिलेल्या कॅनवर ‘फूड ग्रेड, आयएसओ व्हीजी २२०’ एवढेच छापलेले आहे. नोंदणी क्रमांक मागितल्यावर त्याने स्वतःच्याच लेटरहेडवर ‘हे तेल खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित आहे’ असे लिहून पाठवले, जे ऑडिटरने अर्थातच स्वीकारले नाही.

दुसरा आक्षेप कंट्रोल पॅनेल आणि डबा भरण्याच्या लाइनवरील सेन्सर पुसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्प्रे क्लीनरबद्दल आहे. डब्यावर ‘चटकन वाळणारे, गंज न आणणारे’ असे लिहिले आहे, पण त्यात काय आहे ते लिहिलेले नाही. आमचे फिटर याच स्प्रेने वर्कशॉपमध्ये बेअरिंगही धुतात. वर्कशॉप लहान आहे, पावसाळ्यात खिडक्या बंद असतात आणि संध्याकाळी डोके जड होते अशी तक्रार दोघांनी माझ्याकडे केली आहे.

नोंदणी असलेल्या तेलाचा भाव सध्याच्या तेलाच्या जवळपास तिप्पट सांगितला जात आहे. ते सगळ्याच यंत्रांत भरावे लागेल का, आणि पुरवठादाराकडे नेमके कोणते कागद मागावेत?

वंगण_अभियंता_पुणे यांचे उत्तर

तुमच्या पुरवठादाराने दिलेला ‘फूड ग्रेड’ हा शब्द एकटा काहीच सिद्ध करत नाही, कारण तो कोणत्याही प्रमाणकाचे नाव नाही. पूर्वी अमेरिकेचे कृषी खाते अशा वंगणांना मान्यता देत असे. ते काम त्यांनी १९९८ मध्ये थांबवले आणि १९९९ पासून एनएसएफ ही संस्था त्याच वर्गवारीने नोंदणी करते. एच१ म्हणजे अन्नाशी चुकून, अनवधानाने संपर्क होऊ शकेल अशा ठिकाणी चालणारे वंगण. एच२ म्हणजे संपर्काची शक्यताच नाही अशा ठिकाणचे. साचे आणि तवे यांना लावायची, थेट अन्नाला लागणारी तेले ३एच या वर्गात येतात. ‘फूड ग्रेड’ म्हणून एच२ तेल विकले गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे आणि त्या कॅनवरही वर्गाचा उल्लेख नव्हता. खऱ्या नोंदणीकृत उत्पादनाच्या लेबलवर नोंदणीचे चिन्ह, वर्ग आणि क्रमांक या तिन्ही गोष्टी असतात आणि तो क्रमांक एनएसएफच्या ‘व्हाइट बुक’ या ऑनलाइन यादीत तुम्हाला स्वतःला शोधता येतो. शोधताना उत्पादनाचे नाव आणि कंपनीचे नाव दोन्ही जुळतात का ते पाहा. मोठ्या बॅरलमधून लहान कॅनमध्ये ओतून दुसऱ्याच नावाने विकलेल्या तेलाला मूळ कंपनीची नोंदणी लागू होत नाही. त्याहून कडक खात्री हवी असेल तर आयएसओ २१४६९ प्रमाणपत्र मागा, कारण त्यात केवळ घटकांची यादी न तपासता तेल जिथे तयार होते त्या कारखान्याची स्वच्छताही तपासली जाते.

एच१ म्हणजे खाण्यायोग्य नव्हे, हे मात्र व्यवस्थापनाला स्पष्ट सांगा. अमेरिकेच्या ज्या नियमावर हा वर्ग उभा आहे, त्यात अन्नात येणाऱ्या खनिज तेलाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. तुमच्या केटलमध्ये ५०० किलो पल्प बसत असेल तर हिशेब ५ ग्रॅमवर येतो, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. आता देखभालीची वही काढून पाहा की गेल्या हंगामात त्या गिअरबॉक्समध्ये किती तेल वरून घालावे लागले. अर्धा लिटर घातले असेल तर ते अर्धा लिटर कुठेतरी गेले आहे, आणि गिअरबॉक्सच्या खाली केटलखेरीज दुसरे काही नाही.

म्हणून तेल बदलण्याआधी गळती थांबवा. सील काढल्यावर शाफ्टवर सीलची कड जिथे घासते तिथे अंगठ्याचे नख आडवे फिरवून पाहा. नख अडकले तर शाफ्टला खाच पडली आहे असे समजा, आणि मग कितीही चांगले नवे सील बसवले तरी ते हंगामभर टिकणार नाही. अशा वेळी शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून मग सील बसवावे लागते. सीलखाली शाफ्टभोवती स्टेनलेस स्टीलची तबकडी बसवली तर ओघळ पल्पमध्ये न जाता तिथे साचेल आणि रोजच्या फेरीत दिसेलही.

कामगिरीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ग्राहक बहुधा फक्त सुरक्षेचा कागद मागतो आणि वर्म गिअर झिजल्यावर त्रास तुम्हाला होतो. व्हीजी २२० याचा अर्थ ४० अंश सेल्सिअसला तेलाची चिकटता १९८ ते २४२ सेंटीस्टोक, एवढाच आहे. वाफेच्या केटलवर बसलेला गिअरबॉक्स ४० अंशांवर कधीच चालत नाही. १०० अंशांवर साध्या खनिज तेलाची चिकटता १९ सेंटीस्टोकच्या आसपास उतरते, तर त्याच व्हीजीच्या पीएओ या सिंथेटिक तेलाची साधारण २५ च्या आसपास राहते, आणि दातांमधला थर त्या फरकावर टिकतो. म्हणून तांत्रिक माहितीपत्रकात १०० अंशांची चिकटता आणि व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमानाबरोबर चिकटता किती कमी बदलते त्याचा आकडा) पाहा. गिअर तेल डीआयएन ५१५१७ या जर्मन प्रमाणकाच्या भाग ३ मधील सीएलपी या दर्जाचे आहे का आणि गिअरच्या दातांवरील एफझेडजी चाचणीत कितवा भार टप्पा गाठते, हेही विचारा. वर्म गिअरचे चाक कांस्याचे असते आणि काही ईपी (जास्त दाब सोसणाऱ्या) तेलांतील सक्रिय गंधक गरम झाल्यावर कांस्य खाते, तेव्हा ‘हे तेल कांस्याला चालते का’ याचे उत्तर लेखी घ्या.

सगळ्या यंत्रांत एच१ भरावे लागेल का, हे यंत्राच्या जागेवर ठरते. पल्पर, केटल, फिलर, झाकण बसवणारे सीमर आणि उघड्या डब्यांवरून जाणारा कन्व्हेअर इथे एच१ हवेच. सीमरच्या डोक्यातून उतरणारा थेंब तर सरळ भरलेल्या डब्यात पडतो. बॉयलरचा फीड पंप किंवा कंप्रेसर शेडमधला मोटरचा बेअरिंग यांना त्याची गरज नाही. अपवाद संकुचित हवेचा. हवा पल्पला किंवा उघड्या डब्याला लागत असेल तर कंप्रेसरचे तेलही एच१ घ्या. एफएसएससी २२००० या अन्नसुरक्षा प्रमाणपत्राच्या पद्धतीतही निकष हाच आहे, की उत्पादनाशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्काचा धोका आहे तिथे वंगण फूड ग्रेड असले पाहिजे.

दूध_संघ_देखभाल यांचे उत्तर

वरच्या उत्तराला मी बदलाच्या वेळच्या अनुभवाची जोड देतो. मी दूध प्रक्रिया प्रकल्पात वीस वर्षे आहे. एच१ ग्रीसवर आलो तेव्हा आम्ही एक मोठी चूक केली. फिलिंग लाइनच्या कन्व्हेअरचे बेअरिंग जुन्या लिथियम ग्रीसवर होते आणि त्यांत आम्ही थेट अ‍ॅल्युमिनियम कॉम्प्लेक्सचे नवे ग्रीस मारले. दोन्ही ग्रीस एनएलजीआय २ चीच होती, म्हणजे हाताला सारखीच घट्ट लागत होती. पण त्यांचे घट्टक, म्हणजे तेलाला ग्रीससारखे घट्ट करणारे घटक, एकमेकांशी जुळत नव्हते. तिसऱ्या दिवशी हाउसिंगच्या कडेने ग्रीस आमटीसारखे पातळ होऊन ओघळले आणि आठवड्यात दोन बेअरिंग आवाज करू लागले. घट्टक कोणता आहे हे दोन्ही पुरवठादारांना विचारण्याचे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. हंगाम नसताना बेअरिंग उघडून, धुऊन, कोरडे करून नवे ग्रीस भरणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

गिअरबॉक्सच्या बाबतीत जुने तेल गरम असतानाच काढा, नव्या तेलाने थोडा वेळ भाराविना फिरवून तेही काढून टाका आणि मग अंतिम भरणा करा. नाहीतर तळाला राहिलेले जुने तेल नव्यात मिसळते आणि एच१ चा दावा उरत नाही. नवे तेल पीएजी या दुसऱ्या सिंथेटिक प्रकारचे असेल तर अधिक काळजी घ्या, कारण ते खनिज तेलात आणि पीएओमध्ये मिसळत नाही आणि जुन्या सीलना किंवा आतल्या रंगाला मानवेल असेही नाही.

आणखी एक लहानशी गोष्ट. एच१ साठी वेगळी ग्रीस गन ठेवा, तिला वेगळा रंग द्या आणि ज्या निपलला ती लावायची त्यांच्यावर त्याच रंगाच्या टोप्या बसवा. गन लावण्यापूर्वी निपल पुसण्याची सवय लावा. वाळलेली साय आणि तुमच्याकडे आंब्याचा चिकट रस निपलवर बसतो आणि न पुसता गन लावली तर तो सरळ बेअरिंगमध्ये जातो. काढलेले तेल सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला म्हणून कोणाला देऊ नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा.

सुरक्षा_अधिकारी_रोहा यांचे उत्तर

मी क्लीनरबद्दल लिहिते, कारण मूळ प्रश्नातली मला सर्वांत काळजीची ओळ ‘संध्याकाळी डोके जड होते’ ही वाटली. त्या स्प्रेने वर्कशॉपमध्ये बेअरिंग धुणे आजच थांबवा. कागद येईपर्यंत वाट पाहू नका. पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, मागवा. त्याचे १६ विभाग असतात. तिसऱ्या विभागात घटक आणि त्यांचे कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरावीक ओळख क्रमांक), आठव्यात हवेतील मर्यादा व हातमोज्यांचा प्रकार, नवव्यात फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते) मिळतो. ‘हे आमचे गोपनीय मिश्रण आहे’ असे सांगून धोकादायक घटक लपवणाऱ्याकडून माल घेऊ नका.

चटकन वाळणाऱ्या क्लीनरमध्ये सर्वप्रथम ११०-५४-३ हा क्रमांक शोधा. तो एन-हेक्झेनचा आहे. शरीरात त्याचे २,५-हेक्झेनडायोन होते आणि ते हातापायांच्या नसांना इजा करते. आधी बोटांना मुंग्या येतात, मग पकड सुटते, पायांतले बळ जाते आणि बरे व्हायला अनेक महिने लागतात. चीनमधील सूजौ येथे २००९ मध्ये टचस्क्रीन पुसण्यासाठी अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरले गेले, कारण ते लवकर वाळते आणि काम भराभर होते. ज्या मोबाइल कंपनीसाठी ते काम चालले होते, तिने पुढे स्वतःच्या अहवालात १३७ कामगार बाधित झाल्याचे नोंदवले. तुमच्या फिटरना मुंग्या किंवा बधिरपणा जाणवतो का हे आजच विचारा. उत्तर होकारार्थी असेल तर त्यांना एसडीएसची प्रत देऊन डॉक्टरांकडे पाठवा, म्हणजे डॉक्टरांना कारण शोधण्यात वेळ घालवावा लागणार नाही.

एन-हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट उणे २२ अंश आहे, त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असते आणि ती फरशीवर व केबलच्या चरीत साचते. स्प्रेच्या डब्यातला दाबवायूही अनेकदा एलपीजीच असतो. त्यामुळे चालू पॅनेलवर असा स्प्रे मारणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. मुख्य स्विच बंद करून कुलूप लावा, स्प्रे कापडावर घ्या, कापडाने पुसा आणि वाफ जाऊ दिल्यावरच वीज चालू करा.

याउलट ‘न पेटणारे’ असे लिहिलेले पाहून निश्चिंत होऊ नका. अनेकदा त्यात टेट्राक्लोरोइथिलीन, डायक्लोरोमिथेन किंवा ट्रायक्लोरोइथिलीन असते. त्यांचे कॅस क्रमांक अनुक्रमे १२७-१८-४, ७५-०९-२ आणि ७९-०१-६ असे आहेत. ट्रायक्लोरोइथिलीनमुळे माणसाला कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. शिवाय क्लोरीनयुक्त द्रावकाने ओला असलेला भाग वेल्डिंगखाली आला तर त्याच्या वाफेतून फॉस्जीन तयार होतो, जो अगदी थोड्या प्रमाणातही फुप्फुसांसाठी जीवघेणा ठरू शकतो. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग होत असेल तर असा क्लीनर तिथे ठेवूच नका.

बेअरिंग धुण्यासाठी ६० अंशांहून जास्त फ्लॅश पॉइंटचा, बेंझीनसारखे ‘अरोमॅटिक’ घटक नसलेला द्रावक झाकणाच्या पेटीत वापरा किंवा पाण्यावर आधारित क्लीनर घ्या. कोकणातल्या हवेत पाण्याने धुतलेले बेअरिंग रात्रीत गंज धरते, म्हणून ते लगेच कोरडे करून तेल लावावे लागेल. एनएसएफचे वर्ग क्लीनरलाही आहेत. ए१ हा सर्वसाधारण क्लीनर असून तो लावल्यावर अन्न लागणारा पृष्ठभाग पिण्यायोग्य पाण्याने धुवावा लागतो. के१ हा द्रावकाचा क्लीनर फक्त प्रक्रिया विभागाबाहेर चालतो आणि के२ विद्युत उपकरणांसाठी आहे. भरण्याच्या लाइनवर के१ दिसला तर ऑडिटर पुन्हा आक्षेप घेईल.

देखभाल_रत्नागिरी

सर्वांचे मनापासून आभार. वही पाहिली. गेल्या हंगामात त्या एका गिअरबॉक्समध्ये ७०० मिलिलिटर तेल वरून घातल्याची नोंद आहे. आज सील काढले, शाफ्टवर नख अडकते आहे. स्लीव्हची मागणी दिली आहे. ताई, स्प्रे कुलूपबंद केला असून एका फिटरने उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येतात असे सांगितले, म्हणून त्याला उद्या डॉक्टरांकडे नेत आहे. एसडीएस मात्र पुरवठादाराने अजून पाठवलेले नाही.

सुरक्षा_अधिकारी_रोहा

एसडीएस येण्याची वाट पाहून डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नका. स्प्रेचा रिकामा डबा बरोबर न्या, लेबलचा फोटो घ्या आणि तो फिटर दिवसाला किती तास, किती महिन्यांपासून हे काम करतो ते एका कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. तक्रार न करणाऱ्या फिटरचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या.