मदत हवी आहे: चेनसॉ इंजिनाच्या प्रेशर-व्हॅक्यूम टेस्टसाठी कोणती साधने घ्यावीत?

करवत_५०
५० सीसीची चेनसॉ आहे, साधं पिस्टन-पोर्ट इंजिन (पिस्टनच इनटेक उघडतो-मिटतो). पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओरखडला होता म्हणून सिलेंडर-पिस्टन नवे बसवले. आता आयडलला रेस आपोआप चढते. एल स्क्रू (कार्ब्युरेटरचा, कमी रेसचं पेट्रोल ठरवणारा) उघडला की थोडा वेळ उतरते, पण सॉ आडवी केली की पुन्हा आवाज बदलतो. कार्ब्युरेटर साफ आहे, डायफ्रॅम नवे आहेत. कुठून तरी हवा ओढतेय हे उघड आहे, नवा पिस्टन जायच्या आत शोधायचं आहे.

प्रेशर (हवा भरणं) आणि व्हॅक्यूम (हवा ओढणं) दोन्ही करणारा एकच हातपंप घ्यावा की दोन वेगळे? ब्रेक ब्लीडिंगचा पंप किंवा बीपी मशीनचा फुगा चालेल का? एक्झॉस्ट आणि इनटेक कशाने बंद करतात? आणि काटा किती पडला तर नापास समजायचं?

सील_उलटा
आधी पंपाचं. ब्रेक ब्लीडिंगचे बरेच हातपंप फक्त व्हॅक्यूमचे असतात, घेण्याआधी पाहून घ्या. मिटीवॅकचा एमव्ही ८५०० दोन्ही बाजूंनी चालतो, एमव्ही ८००० फक्त व्हॅक्यूमचा. एकच घ्यायचा तर दोन्ही करणारा घ्या. नुसत्या प्रेशरवर सील (क्रँकशाफ्टभोवती हवा अडवणारी रबरी कडी) पास करू नका. ऑइल सीलचा ओठ आतल्या बाजूला तोंड करून असतो, आतून दाब आला की तो शाफ्टवर आणखी घट्ट बसतो. व्हॅक्यूममध्ये तोच ओठ शाफ्टपासून सुटतो. त्यामुळे कडक झालेलं सील प्रेशरला ठणठणीत आणि व्हॅक्यूमला गळकं, असं सर्रास होतं.

बीपीचा फुगा हवा भरायला उत्तम, डायल मात्र कामाचा नाही. तो ३०० मिमी पाऱ्यापर्यंतच जातो, म्हणजे ०.४ बार. आपल्याला ०.५ लागतो. फुगा ठेवा, टी (तीन तोंडांचा जोड) लावून ०–१ बारचा गेज जोडा. टायरचा १०० पीएसआयचा गेज नको, ७ पीएसआयपाशी त्याचा काटा जेमतेम हलतो.

काहीही घेतलं तरी आधी नळीच्या तोंडात बोल्ट घालून ०.५ बार भरा आणि दोन मिनिटं थांबा. काटा हलला तर गळती तुमच्या जोडणीत आहे, इंजिनाला दोष देऊ नका.

गॅस्केट_गुरू
बंद करण्याचं सामान घरचंच पुरतं. एक्झॉस्टला सायलेन्सर काढून २–३ मिमी जाड रबराचा तुकडा, वर सपाट लोखंडी पट्टी, आणि सायलेन्सरच्याच बोल्टने आवळा. सायकलची ट्यूब दुहेरी करूनही चालते. फ्लॅंजवरचा कार्बन खरवडून घ्या, नाहीतर पहिली गळती तिथेच सापडेल.

इनटेकला चूक हमखास होते: लोक बूट (कार्ब्युरेटर आणि सिलेंडरमधला रबरी जोड) काढून सिलेंडरचं तोंडच बंद करतात. मग बूट तपासलंच जात नाही, आणि भेग बहुतेक त्यातच असते. बूट जागेवर ठेवा, कार्ब्युरेटरच्या जागी रबर आणि पट्टी लावा. हवा इंपल्सच्या (क्रँककेसचा दाब कार्ब्युरेटरला पोचवणाऱ्या) नळीतून भरा, ती थेट क्रँककेसमध्ये जाते. इंपल्सला वेगळी नळी नसून फ्लॅंजमध्येच भोक असेल तर पट्टीला त्या जागी निपल बसवा.

पिस्टन दोन जागी ठेवून टेस्ट करा. पिस्टन वर असताना इनटेक पोर्ट स्कर्टखाली (पिस्टनच्या खालच्या कडेखाली) उघडतं, तेव्हा बूट तपासलं जातं. पिस्टन खाली असताना ट्रान्सफर (क्रँककेसमधून सिलेंडरमध्ये जाणारे मार्ग) उघडे असतात, तेव्हा प्लग, डीकॉम्प्रेशन व्हॉल्व (सुरू करताना दाब सोडणारा) आणि तुमचं एक्झॉस्टचं रबर.

नळी_नीट_बघा
वरच्याशी सहमत. एक भर घालतो. प्लगच्या भोकातून हवा द्यायची असेल तर कॉम्प्रेशन टेस्टरची नळी वापरता येते (बहुतेक सॉला एम१४ × १.२५), पण तिच्या टोकाला टायरसारखा व्हॉल्व असतो, तो काढा. नाहीतर पंपाची हवा इंजिनात जातच नाही, नळीतच अडकते, आणि इंजिन गळत असतानाही गेज स्थिर दिसतो. शिवाय या पद्धतीत पिस्टन खालीच हवा आणि प्लगचं वॉशर तपासायचं राहतं.

कंप्रेसर थेट लावू नका, सील बाहेर येईल.

सील_उलटा
आकडे राहिले. स्टिलच्या दुरुस्ती पुस्तिकांत ०.५ बार प्रेशर, २० सेकंद काटा पडता कामा नये. व्हॅक्यूमही ०.५ बार (सुमारे १५ इंच पारा), २० सेकंदांत ०.३ च्या खाली यायला नको. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहा. इंजिन गार असू द्या, गरम इंजिनातली हवा निवताना काटा उगाच हलतो. प्रेशर असताना साबणाचं पाणी ब्रशने लावा: सिलेंडरच्या बुडाशी, क्रँककेसच्या सांध्यावर, डीकॉम्पभोवती. बूट बोटांनी वाकवून बघा, सरळ असताना भेग मिटलेली असते.

करवत_५०
धन्यवाद. केलं. प्रेशर दोन्ही जागी ०.५ वर स्थिर, कुठेच बुडबुडे नाहीत. व्हॅक्यूम मात्र २० सेकंदांत ०.५ वरून ०.२. क्रँक फिरवला की आणखी झपाट्याने पडतो. क्लचकडचं सील की मॅग्नेटकडचं (फ्लायव्हीलच्या बाजूचं), कसं कळेल?

सील_उलटा
सीलच आहे. मॅग्नेट काढा, क्लच आणि ऑइल पंपाचा वर्मही (पंप फिरवणारं गिअर) काढा, दोन्ही सील उघडी करा. व्हॅक्यूम धरून एकेका सीलच्या ओठाशी शाफ्टभोवती ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा. जिथे थेंब आत ओढला जातो आणि काटा क्षणभर थबकतो, ते सील. क्रँक हळूहळू फिरवत बघा. सापडलं एक तरी बदला दोन्ही, दोघांचं वय एकच.

गॅस्केट_गुरू
जुनं काढताना शाफ्टवर चरा पडू देऊ नका. नवं घालण्याआधी ओठ जिथे बसतो तिथे नख फिरवा. खाच लागली तर सील किंचित कमी-जास्त खोल बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या पट्ट्यावर येईल, मात्र पुस्तिकेत खोली दिली असेल तर तीच पाळा. चावीच्या खाचेवर पातळ टेप गुंडाळा, ओठाला ऑइल लावा, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाइतक्या नळीने सरळ ठोका. तिरकं गेलं तर काढून फेका. क्लच-मॅग्नेट परत चढवायच्या आधीच व्हॅक्यूम पुन्हा घ्या. आणि सॉ चालू केल्यावर एल-एच (कमी आणि जास्त रेसचे) दोन्ही स्क्रू नव्याने लावा, आत्ताची सेटिंग गळतीच्या हिशेबाने केलेली आहे.