गेम टाकल्यापासून फोन तापतो, मध्येच बंद पडतो, जाहिराती थांबत नाहीत

डिचोलीकर

भाच्याचा फोन अँड्रॉइड 13 चा आहे. 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज, तीन वर्षं वापरातला. चतुर्थीच्या सुट्टीत त्याने गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम टाकला. प्ले स्टोअरवरून नव्हे, टेलिग्रामवर आलेल्या लिंकवरून. ‘सगळ्या गाड्या अनलॉक, नाणी अमर्याद’ असला मोड, म्हणजे मूळ गेममध्ये कुणीतरी फेरफार करून बनवलेली प्रत. तेव्हापासून गेम बंद असतानाही होम स्क्रीनवर पडदाभर जाहिराती येतात. काढायला गेलं तर अनइन्स्टॉलचं बटण फिकट, दाबलंच जात नाही. खेळताना वीसेक मिनिटांत फोन चटके देतो आणि बॅटरी 30 टक्के असतानाच पट्कन बंद पडतो; चार्जर लावून ठेवला तर मात्र बंद पडत नाही. स्टोरेजमध्ये जेमतेम दीड जीबी जागा उरलीय. बहिणीचं यूपीआय याच फोनवर आहे. दुकानदार म्हणतो, ‘सॉफ्टवेअर मारूया’, म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकूया. त्याआधी घरी काय करता येईल?

फोंड्याचा_स्क्रूड्रायव्हर

बाब, सगळं खापर गेमवर फोडू नका. जाहिराती आणि फिकट बटण ही त्या मोडची करणी. 30 टक्क्यांवर बंद पडणं बॅटरीचं दुखणं आहे, सॉफ्टवेअर दहा वेळा मारलं तरी ते जाणार नाही.

आधी यूपीआयचं बघा. वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा, सिम काढून दुसऱ्या स्वच्छ फोनमध्ये घाला. यूपीआयची नोंदणी त्या सिमवरून जाणाऱ्या एसएमएसवर होते, त्यामुळे बहिणीला दुसऱ्या फोनवर ॲप टाकून पिन तिथूनच बदलता येईल. गूगल खात्याचा पासवर्डही त्याच फोनवरून बदला आणि लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बँकेचं स्टेटमेंट गेम टाकल्याच्या तारखेपासून तपासा. अनोळखी व्यवहार दिसला तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला. इथे उशीर महागात पडतो.

आता गेम. पॉवरचं बटण दाबून धरा, पडद्यावर ‘पॉवर ऑफ’ आलं की त्याच्यावर बोट दाबून ठेवा, ‘सेफ मोड’ विचारेल. काही कंपन्यांच्या फोनमध्ये असं होत नाही. तिथे फोन बंद करून, सुरू होताना लोगो दिसला की व्हॉल्यूम कमी करायचं बटण धरून ठेवायचं. खाली कोपऱ्यात ‘सेफ मोड’ अशी अक्षरं दिसली की झालं. यात बाहेरून टाकलेलं कुठलंही ॲप चालत नाही. जाहिराती इथे थांबल्या तर दोष फोनच्या मूळ सॉफ्टवेअरचा नाही, टाकलेल्या ॲपचा, हेही सिद्ध होतं.

सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘ॲडमिन’ लिहा. ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’च्या यादीत तो गेम किंवा बिननावाचं काहीतरी टिकमार्क घेऊन बसलेलं असेल. तो टिकमार्क काढा. बटण फिकट होतं ते यामुळेच: ज्या ॲपला ॲडमिनचा हक्क आहे ते अँड्रॉइड काढू देत नाही. मग ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये डाउनलोड केलेल्या ॲप्सचे सगळे खटके बंद. या परवानगीने ॲप पडद्यावरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. फोन नेहमीसारखा चालू असताना तुम्ही सेटिंग्ज उघडायला गेलात की असले काही मोड-गेम तुम्हाला परत होम स्क्रीनवर ढकलतात ते याच जोरावर. म्हणून तर सेफ मोडचा खटाटोप.

हे झाल्यावर गेम अनइन्स्टॉल करा, फोन नेहमीसारखा रीस्टार्ट करा.

पेडण्याची_पोर

वरच्या उत्तराला जोड. मोड एकटा येत नाही, बरोबर दुसरं ॲप ओढून आणतो आणि त्याचं चिन्ह लपवतो. सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’ची पूर्ण यादी खालपर्यंत बघा: कोरं नाव, पांढरा चौकोन, किंवा ‘सिस्टिम सर्व्हिस’ असलं मोघम नाव पण अनइन्स्टॉलचं बटण चालू. खऱ्या सिस्टिम ॲपला ‘डिसेबल’ मिळतं, ‘अनइन्स्टॉल’ सहसा नसतं, ओळखायला हा फरक पुरतो.

तरी जाहिरात आलीच तर ती बंद करू नका. ती पडद्यावर असतानाच अलीकडच्या ॲप्सचं बटण दाबा. त्या कार्डाच्या डोक्यावर ज्याचं चिन्ह तो चोर. चिन्ह क्रोमचं निघालं तर मामला वेगळा, कुठल्यातरी वेबसाइटला नोटिफिकेशनची परवानगी गेलीय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती काढायची.

‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ आणि ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ या दोन याद्याही बघा. दुसऱ्या यादीत टेलिग्राम आणि फाइल मॅनेजर चालू असणारच, बंद करा. मग प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी, प्ले प्रोटेक्ट, स्कॅन.

भाच्याला एक विचारा: टाकताना ‘तीन टिंबांवर जाऊन रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज अलाऊ करा’ असं काही करायला सांगितलं होतं का? बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळू नये म्हणून अँड्रॉइड 13 मध्ये ते कुलूप आलं. शर्यतीच्या गेमला त्याची किल्ली कशाला हवी?

गाव_वाळपई

एखादं क्लीनर ॲप टाका की, रॅम साफ होते, फोन गार पडतो.

फोंड्याचा_स्क्रूड्रायव्हर

कृपा करून नको. क्लीनर मागची ॲप्स मारतो, अँड्रॉइड ती पुन्हा उठवतो, त्यात प्रोसेसर आणखी राबतो. वर त्याच्या स्वतःच्या जाहिराती.

डिचोलीकर, बॅटरीचं आता. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढतो. गेम एकदम करंट ओढतो तेव्हा व्होल्टेज खाली कोसळतं आणि टक्के शिल्लक असूनही फोन स्वतःला बंद करतो. चार्जरवर चालतो कारण तो भार चार्जर उचलतो. तुम्ही लिहिलेली खूण अगदी हीच. पण म्हणून चार्जर लावून खेळू देऊ नका. खेळण्याची आणि चार्जिंगची उष्णता एकत्र येते आणि बॅटरी 45 अंशांच्या पुढे गेली की आणखी लवकर मरते. फोन सपाट काचेवर ठेवून बघा. डुगडुगला, किंवा पडद्याची कड उचलल्यासारखी दिसली, तर बॅटरी फुगलीय. मग चार्जिंग बंद, दाबून बसवायचा प्रयत्न नाही, सरळ बदलायची.

जागेचं म्हणाल तर 64 जीबीत किमान 7-8 जीबी मोकळी हवी. स्टोरेज काठोकाठ भरलं की लिहिण्याचा वेग पडतो आणि गेम अडखळतो. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ आधी काढा. सेटिंग्जमध्ये ‘व्हर्च्युअल रॅम’ चालू असेल तर बंद करा: ती स्टोरेजमधूनच जागा खाते आणि खऱ्या रॅमच्या मानाने फार मंद असते, गेमला उपयोग शून्य.

पेडण्याची_पोर

तापण्यात रेंजचाही वाटा असतो. सत्तरीत डोंगराआडच्या वाड्यावर एकच कांडी दिसत असेल तर फोन टॉवर गाठायला जास्त ताकद लावतो. तिथे वायफायवर खेळलेलं बरं. पुढे प्ले स्टोअरवरचा गेम घेतलात तर ग्राफिक्स सर्वांत खालच्या पायरीवर, फ्रेम रेट 30, ब्राइटनेस निम्मा, आणि मागचं जाड रबरी कव्हर काढून.

डिचोलीकर

सेफ मोडमध्ये जाहिराती थांबल्या. ॲडमिनच्या यादीत गेम होता, काढला. बिननावाचं एक ॲपही निघालं, तेही काढलं. आता सॉफ्टवेअर मारायची गरज आहे का? आणि भाच्याचा जीव त्या गाड्यांत अडकलाय, त्या परत मिळतील?

फोंड्याचा_स्क्रूड्रायव्हर

यूपीआय त्याच फोनवर परत न्यायचं असेल तर फॅक्टरी रीसेट (फोनमधलं सगळं पुसून तो कोरा करणं) कराच, ॲक्सेसिबिलिटी मिळालेल्या ॲपने मागे काय ठेवलं ते बाहेरून कळत नाही. त्याला दुकान लागत नाही. फोटो आणि कॉन्टॅक्ट संगणकावर किंवा गूगलवर घ्या, एपीके (ॲप टाकायच्या) फाइली घेऊ नका. रीसेटनंतर फोन जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागेल, तो नसेल तर तिथेच अडकाल. बॅकअपमधून ॲप्स परत आणायचं विचारलं तर ‘नाही’ म्हणा, एकेक हाताने टाका. सिम सगळ्यात शेवटी.

गाड्या गेल्या. मोडमधली नाणी त्या फोनपुरतीच असतात, कंपनीच्या सर्व्हरवर त्यांची नोंद नसते. मूळ गेमचं खातं वापरून मोडमध्ये शिरला असेल तर तेही बंद झालेलं असू शकतं; प्ले स्टोअरवरून मूळ गेम टाकून लॉगिन करून बघा.

पेडण्याची_पोर

आणि तो पासवर्ड मोडमध्ये टाकला असेल तर लॉगिनच्या आधी बदला. तोच पासवर्ड इन्स्टाग्रामला असेल तर तिथलाही.

डिचोलीकर

तोच आहे. बदलतो. बॅटरीसाठी शनिवारी दुकानात जातो.