आईबाबांचा डोक्यात पक्का बसलेला सल्ला

काल भाचीला नोकरीचा करार आला. "मामी, सही कुठे करू?" एवढंच विचारत होती आणि माझ्या तोंडून बाबांचं वाक्य जसंच्या तसं निघालं, "आधी शेवटचं पान वाच." गोड गोष्टी पहिल्या पानावर, अटी मागे, हे त्यांचं ठाम मत. तुमच्या घरची अशी वाक्यं लिहा. "अभ्यास कर" सोडून :)

---

जामीन राहू नकोस!! आमचे बाबा मित्रासाठी राहिले होते. मित्र हप्ते भरेना, बँक आमच्या दारात. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार असं लोकांना वाटतं. कर्जदार बुडला की थकबाकी जामीनदाराकडून मागतात. मदत करायची तर झेपेल तेवढे पैसे दे आणि विसरून जा, म्हणायचे. मी हेच नातेवाइकांना सांगते तेव्हा त्यांच्या तोंडाचा फुगा होतो तो वेगळाच 😀

---

+१ जामीन

---

आई गणिताची शिक्षिका. ७२ ला व्याजदराने भाग, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट. ८ टक्क्यांना ९ वर्षं. मला क्रेडिट कार्ड मिळालं तेव्हा फक्त म्हणाली, "महिना ३ म्हणजे वर्षाला ३६. आता भाग." दोन वर्षांत कर्ज दुप्पट! कार्ड कपाटात.

---

दरमहा चक्रवाढ धरलीत तर ३६ नाही, ४२ च्या वर जातं हो.

---

आईला दाखवलं. "७२ भागिले ३, २४ महिने. उत्तर तेच, सांग त्यांना." तिच्याशी वाद घालू नका, आम्ही सोडून दिलंय.

---

दंडवत सांगा काकूंना _/\_

---

वडील फार बोलायचे नाहीत. मला मुलगी झाली तेव्हा एवढंच म्हणाले, "तिच्यादेखत तिच्या आईला तोडून बोलू नकोस." ते स्वतः आईला आमच्यादेखतच बोलायचे. आई तिथेच बसलेली होती. तिने मान वर केली नाही, ते उठून बाहेर गेले. माफी वगैरे आमच्या घरात कुणी मागत नसे. हीच ती, असं मी धरून चाललोय.

---

^^ बापरे. यावर काय लिहू.

---

रागात लिहिलेलं सकाळी पाठव, इति आई. तिच्या वेळी पत्रं होती, पेटीत टाकेपर्यंत राग उतरायचा. आता पाठवलेलं पुसलं तरी समोरून "काय पुसलंस?" येतंच.

---

अवांतर: करार मोबाईलवर वाचताना अक्षरं मोठी कशी करायची? चष्मा लावूनही दिसत नाही.

---

फोन आडवा धरा काका. नाहीच जमलं तर प्रिंट.