मदत हवी आहे: वाड्यातल्या सोनचाफ्याची गुटी कुंडीत आहे, बोन्साय होईल का? (लातूर)

नमस्कार मंडळी,

लातूरच्या जुन्या गावभागात आमचा वाडा होता. अंगणात सासऱ्यांनी लावलेला सोनचाफा होता, माडीच्याही वर गेलेला. 2016 च्या उन्हाळ्यात शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घरात प्यायचं पाणीसुद्धा मोजून वापरत होतो. सासूबाई डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घागरीत साठवायच्या आणि दिवस मावळला की चाफ्याच्या बुडाशी ओतायच्या. त्या वर्षी फूल एकही आलं नाही, पण झाड तगलं.

पुढे वाटण्या झाल्या, वाडा विकला. तिथं आता अपार्टमेंट आहे. विक्री ठरली त्याच पावसाळ्यात मी झाडावर चार गुट्या बांधल्या होत्या, म्हणजे फांदीची साल गोल काढून, तिथं ओलं शेवाळ गुंडाळून झाडावरच मुळं फुटवायची. तीन ठिकाणी साल नुसती फुगली, मुळं आलीच नाहीत. एकीला आली, तीही चार महिन्यांनी. त्या झाडाचं आता एवढंच उरलंय. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. रोज सकाळी गॅलरीत जाऊन त्या झाडाला हात लावतात आणि मगच चहा घेतात.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, जमीन नाही. जमिनीत लावायला गावाकडे शेतही उरलेलं नाही. त्यामुळे हे झाड जगवायचं तर कुंडीतच, म्हणून बोन्सायचा विचार आला. झाड आता अडीच फूट उंच आहे, खोड अंगठ्याएवढं जाड. कुंडी 12 इंची, मातीची. आत काळी माती, शेणखत आणि थोडी वाळू. पाणी सोसायटीच्या बोअरचं.

गेल्या पावसाळ्यापासून नवी पानं पिवळी येत आहेत. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. जुनी पानं मात्र हिरवी आहेत. एप्रिल लागला की पानांची टोकं करपतात. दुकानदारानं आधी युरिया दिला, नंतर हिराकस (लोहाचं खत). दोन्हींनी फरक पडला नाही. बोन्सायसाठी मुळं छाटावी लागतात असं ऐकलंय, पण या झाडाच्या मुळांना हात लावायचं धाडस होत नाही. पानं वीतभर लांब आहेत, ती लहान होतील का? आणि मुख्य म्हणजे, फुलं येतील का? फुललेलं एकदा सासूबाईंना दाखवायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (नांदेडहून)

ताई, चाफ्याचं बोन्साय अगदी सोपं. माझ्याकडे दोन आहेत. फांदी कापायची, आठवडाभर सावलीत वाळवायची आणि कुंडीत खोचायची. गुटीची गरजच नाही. पाणी कमी द्या, उन्हात ठेवा.

धागाकर्ती

दादा, धन्यवाद, पण तुम्ही म्हणता तो खुरचाफा असावा, ज्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. माझा सोनचाफा आहे, याला चीक नाही.

प्रतिसाद (परभणीहून)

ताईंचं बरोबर आहे. आपल्याकडे चाफा म्हटलं की पाच झाडं एका नावात येतात. खुरचाफा वेगळ्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, नागचाफा आणखी वेगळा. सोनचाफा मात्र खरा मॅग्नोलिया आहे. पूर्वी त्याला मिशेलिया चंपाका म्हणत, आता मॅग्नोलिया चंपाका म्हणतात. ओळखायचं असेल तर कोवळी फांदी बघा. जिथं जिथं पान फुटलंय तिथं फांदीभोवती पूर्ण गोल वळ दिसेल, बांगडी घातल्यासारखा. खुरचाफ्याला हा वळ नसतो.

आता पिवळेपणाबद्दल. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, जुनी पानं ठीक, म्हणजे लोह कमी पडतंय. तुमच्या मातीत लोह असेलही, पण झाडाला ते मिळत नाही. आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात चुनखडी असते. वरून बोअरचं जड पाणी. माती अल्कधर्मी झाली की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. मॅग्नोलियाला किंचित आम्ल माती लागते. हिराकस घातला तरी चुनखडीच्या मातीत तोही तसाच अडकतो, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही.

घरी तपासून बघा. कुंडीतली चमचाभर माती वाळवा आणि तिच्यावर व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका. बुडबुडे येऊन फसफसली तर चुना आहे. कुंडीच्या बाहेरून पांढरे चट्टे आले असतील तर तेही क्षारच.

तात्पुरता उपाय म्हणजे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह. पण पाकिटावर त्या रसायनाचं नाव ईडीडीएचए लिहिलंय का बघून घ्या. स्वस्तातलं ईडीटीए अल्कधर्मी मातीत टिकत नाही. ईडीडीएचएचं पाणी लालसर दिसतं, घाबरू नका. पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्यानंच सुरुवात करा. कायमचा उपाय माती आणि पाणी बदलणं हाच. पावसाचं पाणी साठवा. घरात एसी असेल तर त्याच्या नळीतून गळणारं पाणी बादलीत धरा, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओतून बाहेर टाकलेलं पाणी मात्र चुकूनही देऊ नका. गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगरहून)

बरीच वर्षं बोन्साय करतोय, म्हणून मोकळेपणानं सांगतो. फोटोत दिसणारी जपानी मॅग्नोलिया बोन्साय बहुतेक स्टेलाटा किंवा कोबुस जातीची असतात. त्यांची पानं हिवाळ्यात गळतात आणि वसंतात उघड्या फांद्यांवर फुलं येतात. त्यांना कडाक्याची थंडी लागते, ती आपल्याकडे मिळणार नाही. सोनचाफा सदाहरित आहे, आपल्या हवेत जगतो, पण त्याची तऱ्हा निराळी.

पहिली गोष्ट, त्याची मुळं मांसल आणि ठिसूळ असतात. वडाची मुळं आपण निम्मी कापतो, तसं इथं केलं तर झाड दगावेल. कुंडी बदलताना मातीचा गड्डा पूर्ण झाडू नका, पाणी मारून मुळं नागडी करू नका. बाहेरची कुजलेली, गोल फिरलेली तेवढीच मुळं काढा, एकूण मुळांच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको. आतली काळी माती दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं बदला. वेळ मृग लागून पाऊस पडला की. उन्हाळ्यात अजिबात नाही.

दुसरी, मॅग्नोलियाच्या जखमा लवकर भरत नाहीत. जाड फांदी कापली की तिथून खोड आत कुजत जातं. त्यामुळे जो आकार द्यायचा तो शेंडा कोवळा असतानाच खुडून द्या. तार फक्त हिरव्या फांदीला, सैल, आणि दर पंधरा दिवसांनी बघत राहा. सालीत वळ उठायच्या आत काढायची.

तिसरी, पानं फारशी लहान होणार नाहीत आणि फूल तर मुळीच लहान होणार नाही. म्हणून वीतभराच्या बोन्सायचा हट्ट नको. अडीच-तीन फुटांचं, चार-पाच फांद्यांचं झाड ठेवा. एवढ्या उंचीवर ही पानं शोभतात. उथळ ट्रेही नको. आपल्या मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, उथळ मातीत ही मुळं अक्षरशः शिजतात. रुंद आणि निदान आठ-नऊ इंच खोल मातीची कुंडी घ्या. ती मोठ्या कुंडीत ठेवून मधे वाळू भरा आणि वाळू ओली ठेवा. एप्रिल ते जून हिरवी शेडनेट.

फुलांची काळजी करू नका. बी लावलेल्या चाफ्याला कित्येक वर्षं लागतात, पण तुमची गुटी फुलणाऱ्या झाडाची आहे, म्हणजे वयात आलेली फांदी आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: सोनचाफ्याचं फूल नव्या फुटव्यावर, पानाच्या बेचक्यात येतं. वर्षभर शेंडे खुडत राहिलात तर कळ्या हातानंच जातील. एकदा खुडा आणि पुढचा फुटवा मोकळा सोडा.

माती लातूरला जवळच मिळेल. उदगीरच्या पुढे बिदरकडे जांभ्याची लाल माती आहे. आणल्यावर तिचीही व्हिनेगरनं परीक्षा घ्या. तिच्यात धुतलेला कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत आणि विटांचे तुकडे मिसळा. बांधकामाचा चुरा नको, त्यात सिमेंट असतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिनेगर टाकलं, माती चांगलीच फसफसली. फांदीवरचा गोल वळही दिसला, सासूबाईंना भिंग देऊन दाखवला. एसीचं पाणी धरायला सुरुवात केली आहे. ते मी बादलीत धरत होते, सासूबाईंनी वाड्यातली घागर काढून दिली. माझे भाऊ उदगीरला असतात, ते या रविवारी बिदरची दोन पोती माती आणत आहेत. मृगाचा पाऊस झाला की कुंडी बदलीन.

एक शंका राहिली. खोडाच्या अगदी खाली, मातीपासून चार बोटांवर, पेन्सिलीएवढी जाड एक फांदी आहे. आकाराच्या दृष्टीनं ती नको वाटते, पण पानं सर्वांत हिरवी तिचीच आहेत. आत्ता काढू की ठेवू?

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगरहून)

ठेवा. तिच्यामुळे बुंधा जाड होतो, शिवाय कुंडी बदलल्यावर झाडाला प्रत्येक पान लागेल. पुढच्या वर्षी, झाड सावरलेलं दिसलं तर, आधी तिचा फक्त शेंडा खुडा आणि फोटो टाका. मग ठरवू.