ज्यूरीत किती जणांचं मत पुरेसं मानावं?

गिरगावकर: 1959 साली नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्याच्या वेळी माझे आजोबा कोर्टाबाहेर उन्हात तासन् तास उभे असत, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. ज्यूरीने, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या नऊ सामान्य नागरिकांनी, 8 विरुद्ध 1 ने निर्दोष म्हटलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली. आजोबा मात्र शेवटपर्यंत त्या नवव्या माणसाबद्दल बोलत. एकटा पडूनही तो हलला नाही! मग बहुमत किती असावं?

वकीलताई: इंग्लंडमध्ये 1967 पासून 12 पैकी 10 चालतात, पण आधी एकमतासाठी किमान दोन तास द्यावेच लागतात. अमेरिकेत 2020 पासून गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला एकमतच लागतं. स्कॉटलंडमध्ये 15 पैकी 8 पुरत असत. 2025 च्या कायद्याने दोन तृतीयांश केले. माझ्या मते हेच बरोबर. एका मताच्या फरकाने कुणाला तुरुंगात धाडायचं?

दादरचा: आपल्याकडे ज्यूरी गेली, तरी हायकोर्टाच्या अपिलात दोन न्यायमूर्तींची मतं फुटली की प्रकरण तिसऱ्याकडे जातं.

गिरगावकर: ताई, ते दोन तास मला फार महत्त्वाचे वाटतात. त्या नवव्याचं कुणी ऐकून तरी घेतलं असेल का?